पाव किलोचा प्राणी

वजनमापं तपासणाऱ्या माणसाने बायकामुलांना घेऊन चार दिवस समुद्रावर जायचं ठरवलं, तर त्यात कुणाचं काही बिघडायला नको. पण निरीक्षकांनी ते ठरवलं आणि त्यात तीन अर्ज, एक सुटकेस, दोन शेजारी आणि एक लिंबाचं रोप एवढ्या सगळ्यांचा संबंध आला.

निरीक्षक म्हणजे बाजारातले काटे, मापं आणि मीटरपट्ट्या तपासून त्यांवर शिक्का मारणारे सरकारी माणूस. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकच नियम देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपला होता: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या लग्नाच्या भेटकार्डावर सही मागायला लोक आले, तेव्हा त्यांनी आधी भेटवस्तू उघडून दाखवायला लावली होती. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी ते गुणांची बेरीज पुन्हा करत. एकदा ती खरोखरच चुकलेली निघाली आणि तेव्हापासून वर्गशिक्षिका त्यांना लांबून पाहून रस्ता बदलत.

रजेचा पहिला अर्ज परत आला, कारण त्यात ‘विश्रांती’ असं कारण होतं आणि हेडक्लार्कला कोणत्या आजारासाठी ते कळलं नाही. दुसऱ्यात ‘कौटुंबिक’ असं लिहिलं, तर कुटुंबाचा दाखला जोडा म्हणून शेरा आला. तिसरा मंजूर झाला तो बहुधा कंटाळून. मंजुरी हातात पडली त्याच संध्याकाळी निरीक्षकांनी नवीकोरी सुटकेस आणली. कडक, तपकिरी, दोन खटक्यांची. जाण्याला आठ दिवस होते, पण निरीक्षकांना आठ दिवस आधी तयारी झालेली नसली की जेवण जात नसे.

“रबराचा वास मारतोय हिला,” बायको म्हणाली. “वारा लागू दे जरा, नाहीतर सगळे कपडे नव्या टायरसारखे वास मारतील.” ती सूतिकागृहात परिचारिका होती आणि घरातही तिचं बोलणं तसंच असे, कमी आणि अंतिम. सुटकेस बाल्कनीत लिंबाच्या कुंडीशेजारी उभी करण्यात आली.

आता लिंबावर एक अळी होती. ती थोरलीची. थोरली सात वर्षांची, बापाच्या वळणावर गेलेली. तिच्या वहीत अळीची रोजची लांबी, खाल्लेली पानं आणि ‘आज डिवचलं तेव्हा डोक्यातून लाल शिंगं काढली’ अशा नोंदी होत्या. धाकटा चार वर्षांचा. तो नोंदी करत नसे, फक्त प्रश्न विचारी, आणि एक प्रश्न हाती लागला की आठवडाभर तोच पुरवी.

दुसऱ्या दिवशी अळी गायब. थोरलीने रोपाचं पान न् पान पालथं घातलं आणि मग जे रडू काढलं त्याने शेजारच्या काकू दारात आल्या. निरीक्षकांना रडणं सहन होत नसे. त्यांनी घाईने तोंड उघडलं.

“सापडेल. आणि ती अळी फुलपाखरू होऊन बाहेर पडेल, तेव्हा तू ते बघशील. ही माझी जबाबदारी.”

“नक्की?”

“नक्की.”

सकाळी ती सापडली. सुटकेसच्या मुठीला. कमरेला बारीकसा दोरा बांधून, पाठ किंचित वाकवून तिने आपला कोष केला होता, आणि रंगही असा हुबेहूब तपकिरी घेतला होता की दुकानदाराने सुटकेसबरोबर दिलेला वाटावा. थोरलीने आनंदाने वही उघडली. निरीक्षकांना मात्र पहिला प्रश्न पडला, की आता सुटकेस धरायची कशाला?

“झाडू घ्या नि झटका,” काकू म्हणाल्या. “असली किडूकमिडूक कपड्यात शिरली की लोकरीचं काही राहत नाही.”

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी चष्मा पुसून पाहणी केली. “दोरा सुटला तर संपलं. आडवं करायचं नाही, धक्का द्यायचा नाही, उन्हात ठेवायचं नाही. नवव्या-दहाव्या दिवशी बाहेर येईल.”

थोरलीने ते सगळं वहीत उतरवलं. निरीक्षकांनी बोटांवर मोजलं. दहावा दिवस म्हणजे समुद्रावरचा शेवटचा दिवस.

“आत तो काय करतोय?” धाकट्याने विचारलं. त्याला नवा प्रश्न लागला होता.

“झोपलाय,” काकू म्हणाल्या.

“पंख शिवतोय,” थोरली म्हणाली.

मास्तरांनी मात्र खरं ते सांगितलं. “आत या घटकेला अळी अशी राहिलेलीच नसते बाळा. ती जवळजवळ विरघळते. आणि फुलपाखरू तर अजून झालेलंच नसतं.”

हे ऐकून धाकट्याचं समाधान झालं, पण निरीक्षकांचं बिघडलं. अळी नाही, फुलपाखरू नाही, मग त्या टरफलात आहे तरी काय? बावीस वर्षांत त्यांनी खोटी वजनं पाहिली होती, पोकळ वजनं पाहिली होती, तळाला मेण चिकटवलेली मापंही पाहिली होती. पण आत एक गोष्ट जाते, काहीच नसतं, आणि बाहेर दुसरीच येते, हा प्रकार त्यांच्या कुठल्याच नमुन्यात बसेना. त्या रात्री पाणी प्यायला म्हणून उठून ते बाल्कनीत जाऊन आले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

घरात बैठक झाली. रजा पुढे ढकलायची तर चौथा अर्ज. सुटकेस मागे ठेवायची तर शब्द मोडतो. मूठ कापायची तर सुटकेस नवी. खटके उघडून आत कपडे भरावेत म्हटलं, तर प्रत्येक खटक्याला मुठीला असा दणका बसे की थोरली किंचाळे.

“मग सुटकेस न्यायची, सामान नाही,” बायको म्हणाली.

“म्हणजे रिकामी?”

“रिकामी कशी? पेशंट आहे ना वर.”

अशा रीतीने निरीक्षकांचं कुटुंब सहलीला निघालं, ते दोन चादरींची गाठोडी आणि काकूंनी उदार मनाने दिलेल्या चार उशांच्या अभ्र्यांत कपडे कोंबून. अभ्र्यांवर बदकं भरलेली होती. निरीक्षकांच्या दोन्ही हातांवर, बुडाखालून तोललेली, सरळ उभी, नवीकोरी आणि पूर्ण रिकामी सुटकेस होती. कोपऱ्यावरच्या वाण्याने, ज्याचा काटा त्यांनी मागच्याच महिन्यात जप्त केला होता, दुकानाबाहेर येऊन हे सगळं नीट पाहून घेतलं. निरीक्षकांनी मान ताठ ठेवली. तसंही सुटकेस हनुवटीला लागत असल्यामुळे ती खाली घालणं शक्य नव्हतं.

बसस्थानकावर सामानखिडकीच्या कारकुनाने त्यांना अडवलं. “एवढी मोठी सुटकेस आत नेता येणार नाही. टपावर टाका.”

“टपावर चालणार नाही. वर कोष आहे.”

“कोश म्हणजे पुस्तक?”

“किडा,” धाकटा म्हणाला. “विरघळलेला.”

कारकुनाने चष्म्याच्या वरून पाहिलं आणि खणातून एक छापील फॉर्म काढला. “जिवंत प्राणी. आधी सांगायचं ना. प्राणी सोबत असेल तर आत नेता येतं, पण नोंद लागते. परत येताना हाच फॉर्म दाखवून प्राणी जमा दाखवायचा. संख्या?”

“एक.”

“बांधलेला आहे का?”

“हो,” थोरली म्हणाली. “त्याने स्वतःच बांधून घेतलंय.”

“चावतो?”

“सध्या तोंड नाही.”

“वजन?”

इथे सगळं अडलं. कारकून म्हणाला, सुटकेससकट काट्यावर ठेवा, मग सुटकेसचं वजा करू. निरीक्षक म्हणाले, सुटकेस वेगळी करता येत नाही. आणि एवढं म्हणून थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांची नजर काट्याच्या बुडाशी गेली, आणि एकदा गेलेली त्यांची नजर मोकळ्या हाताने परत येत नसे.

“या काट्याच्या शिक्क्याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलीय.”

“अहो,” बायको म्हणाली.

“शिवाय हा पन्नास ग्रॅमच्या खाली दाखवतच नाही. आणि डाव्या अंगाला झुकतोय.”

“अहो, बस सुटतेय.”

“मग तुम्हीच लिहा वजन,” कारकून दुखावून म्हणाला. निरीक्षकांनी ‘मोजलेले नाही’ असं लिहिलं. कारकुनाने ते खोडलं, कारण रकान्यात आकडा लागतो. निरीक्षकांनी ‘एका ग्रॅमच्या आसपास असावे’ लिहिलं. तेही खोडलं गेलं, कारण ‘असावे’ हा आकडा नाही. मागच्या रांगेत माणसं वाढत होती, आणि त्यांतला प्रत्येक जण कोष बघायला एकेकदा पुढे येत असल्यामुळे रांग कुठून सुरू होते तेही कळेना. शेवटी कारकुनाने पुस्तकात असलेला सगळ्यात लहान आकडा टाकला: पाव किलो.

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. दहा ग्रॅमच्या फरकासाठी त्यांनी भरल्या बाजारात माणसं उभी केली होती. “ह्याच्यावर मी सही करणार नाही.”

“द्या इकडे,” असं म्हणून बायकोने गाठोडं काखेत मारलं आणि सही ठोकली. बसमध्ये पहिला तासभर निरीक्षक पाव किलोत असे किती कोष बसतील याचा हिशेब करत होते. सुटकेस मांडीवर उभी होती आणि प्रत्येक खड्ड्याला ते स्वतःच जरा वर उचलले जात, म्हणजे धक्का त्यांना बसावा, तिला नाही.

समुद्रापासून दहा मिनिटांवर, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्लीत, त्यांनी एक खोली घेतली होती. खिडकीतून पाणी दिसायचं. खिडकीजवळची जागा सुटकेसला मिळाली, दोन खाटा बायकोला नि मुलांना, आणि निरीक्षकांना जमीन. पहिले तीन दिवस बायको आणि धाकटा समुद्रावर जाऊन वाळूने भरून परत येत. थोरली हलली नाही. तिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता आणि आताही ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती, गुडघ्यावर वही घेऊन. ‘सकाळी ८. काही नाही. ९. काही नाही. १०. बाबांनी फुंकर मारली, त्यांना ओरडले.’

निरीक्षकांना तिच्यासाठी वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर तेही फारसे बाहेर गेले नाहीत. वर्तमानपत्राच्या आडून ते मुठीकडे पाहत बसत. आपण बघतोय असं वाटू नये म्हणून मधूनमधून पान उलटत, आणि एकदा त्यांनी जाहिरातींचं पान चाळीस मिनिटं वाचलं. एवढं कुतूहल त्यांना कशाचंच कधी वाटलं नव्हतं, स्वतःच्या लग्नातही नाही. त्या वेळी निदान समोर कोण आहे याची थोडीफार माहिती होती.

दहाव्या दिवशी सकाळीही काही झालं नाही. कोष जरा काळपट दिसत होता एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे परतीची बस होती.

“आता पुरे,” बायको म्हणाली. “तीन दिवस ही पोर खोलीत बसलीय. अर्धा तास समुद्रावर पाय भिजवून येऊ. अहो, तुम्ही बसा इथे.”

थोरलीने वडिलांकडे पाहिलं. “नजर हलवायची नाही.”

“नाही हलवणार.”

“आणि सुरू झालं तर मला बोलवायचं. मी आल्याशिवाय होऊ द्यायचं नाही.”

“बरं,” निरीक्षक म्हणाले. हे आपल्या अखत्यारीत येत नाही हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

नजर हलवायची नाही म्हणून त्यांनी दाढीही कोषासमोर बसूनच करायला घेतली. डावा गाल झाला होता, उजव्यावर साबण होता, आणि कोषाचा काळपटपणा एकदम पातळ झाला. काचेतून दिसावं तसे आतून पिवळसर ठिपके दिसू लागले. मग डोक्याकडच्या बाजूला एक केसाएवढी चीर पडली.

निरीक्षकांचा हात वस्तऱ्यासकट थांबला. दहा दिवस त्यांना जे बघायचं होतं ते आता, वितीभर अंतरावर, फक्त त्यांच्यासाठी होणार होतं. हाक मारायला जावं तर परत येईपर्यंत संपणार. बसून राहावं तर स्वतःला दिसेल, आणि तिला आपण नुसतं सांगू. ते बसून राहिले. खोटं कशाला बोला, ते चांगले तीन-चार श्वास बसून राहिले. मग त्यांना खिडकीखाली पडलेली वही दिसली. तीन दिवसांचे ‘काही नाही’ एकाखाली एक लिहिलेले होते.

त्यांनी सुटकेस उचलली आणि बनियन-लेंग्यावरच दाराबाहेर पडले.

सुटकेस पुढ्यात धरली की पायऱ्या दिसेनात. पहिल्याच पायरीवर ते अडखळले, तेव्हा त्यांनी ती सरळ डोक्यावर घेतली, दोन्ही हातांनी तोलून, हमाल घेतात तशी. फरक एवढाच की हमाल असा जपून चालला असता तर त्याला कुणी दुसऱ्यांदा काम दिलं नसतं. अर्ध्या गालावर साबण, डोक्यावर सुटकेस. गल्लीतल्या माणसांनी भिंतीला चिकटून वाट दिली.

“काका, डोक्यावर काहीतरी हलतंय तुमच्या,” एक सायकलवाला म्हणाला.

“काय हलतंय?” निरीक्षकांनी तळमळून विचारलं. पण सायकल पुढे गेली होती.

समुद्राच्या कठड्याशी, चहाच्या टपरीजवळ, बायको नि मुलं समोरून येताना दिसली. थोरलीने पाय भिजताच आईला माघारी ओढून आणलं होतं. ती धावत आली आणि कठड्यावर चढली.

“खाली ठेवू का?” निरीक्षकांनी विचारलं.

“हलू नका,” बायको म्हणाली. तो तिचा कामावरचा आवाज होता. “अर्धं बाहेर आलंय. आता हलवलंत नि पडलं, तर पंख कायमचे वाकडे होतील.”

निरीक्षक हलले नाहीत. चहावाल्याने मागून हळूच स्टूल सरकवलं, त्यावर ते इंचाइंचाने टेकले. मोबाइल प्रत्येकाच्या हातात यायच्या आधीचे ते दिवस, त्यामुळे बघायचं तर जवळ यावं लागे, आणि माणसं येत गेली. फुगेवाला आला, सायकलवाला परत आला, एक आजी आल्या. सगळी निरीक्षकांच्या तोंडासमोर उभी राहून त्यांच्या डोक्याच्या वर बघत होती.

“काय चाललंय?”

“आलं बाहेर,” थोरली म्हणाली. “पण पंख चुरगळलेत बाबा. ओल्या रुमालासारखे. लोंबकळतंय.”

“बिघडलंय का काही?”

“बाळं अशीच येतात,” बायको म्हणाली. “पहिल्यांदा बघणाऱ्याला सगळी बिघडलेलीच वाटतात.”

“आता?”

“आता एक पंख उघडतोय. काळा आहे, वर पिवळे ठिपके. खाली लाल पण आहे, शेवटी. थांबा, दुसरा पण.”

निरीक्षकांना प्रश्नांवर प्रश्न सुचत होते. किती लांब झाले, पाय किती, मिशा आहेत का, टरफलात मागे काय राहिलं. थोरली एकेक बघून सांगत होती, आणि दिसलं नाही तर ‘हे दिसत नाही’ असं स्पष्ट सांगत होती. चहावाल्याने त्यांना बशीने चहा पाजला. आजींनी पदराने गालावरचा वाळलेला साबण पुसून टाकला, न विचारता. तासभर लोटला, दोन्ही खांद्यांना रग लागली, आणि निरीक्षकांच्या लक्षात आलं की आपल्या प्रतिष्ठेचं काय झालं हे पाहायचं आपण कधीच विसरलोय.

मग सगळी माणसं एकदम एक पाऊल मागे सरली. समोरचे सगळे चेहरे, फुगेवाल्याचा, आजींचा, धाकट्याचा, थोरलीचा, एकाच वेळी वर उचलले गेले, मग हळूहळू त्यांच्या मागच्या बाजूला वळले आणि तसेच लांब कुठेतरी बघत राहिले. निरीक्षक वळेपर्यंत मागे फक्त घरं होती आणि आभाळ.

“बघितलंत बाबा?” थोरलीने विचारलं. मग तिला कळलं. ती कठड्यावरून उतरली आणि त्यांच्या मांडीवर येऊन बसली. “थांबा, मी पहिल्यापासून सांगते.”

दुसऱ्या दिवशी ते परत आपल्या बसस्थानकावर उतरले, तेव्हा सामानखिडकीवर तोच कारकून होता. निरीक्षक तशीच, बुडाखालून तोललेली सुटकेस घेऊन आले, कारण मुठीला टरफल होतं आणि ते सुटू द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं. कारकुनाने फॉर्म काढला.

“पाव किलो प्राणी गेला होता. जमा दाखवा.”

“उडाला.”

“पुस्तकाप्रमाणे पाव किलो कमी येतंय. लेखी खुलासा लागेल, सहीनिशी.” कारकुनाने पेन पुढे केलं, मग जरा थांबला. “तुम्ही स्वतः पाहिलंत उडताना?”

“नाही.”

“मग? त्या दिवशी तर पाव किलोवर सही करायला तयार नव्हतात.”

निरीक्षकांनी थोरलीकडे पाहिलं. तिने वही उघडून खिडकीवर ठेवली. कारकून वाचू लागला. मागे सुटणारी दुसरी बस हॉर्न देत होती. दुसऱ्या पानावर तो खुर्चीवरून उठला, दार उघडून बाहेर आला, सुटकेसपाशी उकिडवा बसला आणि टरफलात एक डोळा मिटून बघू लागला.

“पण एवढे दिवस आत तो करत काय होता?” त्याने विचारलं.

“विरघळला होता,” धाकटा म्हणाला. “मग परत झाला.”

तोवर निरीक्षकांनी फॉर्म ओढून घेतला होता. खुलाशाच्या रकान्यात त्यांनी आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘प्राणी उडाला. मी पाहिलेले नाही. माझ्या मुलीने पाहिले आहे.’ आणि बावीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच, न पाहिलेल्या गोष्टीखाली, त्यांनी पूर्ण नावाची सही केली.